घातक कामाचं दूध

आई शल्यविशारद व्हायची होती.
बोटं लांब, हात थंड, गाठ एका दमात.
पण मी आठ महिन्यांची होते, तिचं दूध आटलेलं,
आणि नेमणुका वाटणारा माणूस म्हणाला,
माक्वाला, तू क्ष-किरण घे:
पाळी सहाच तासांची, रजा जास्त,
पेन्शन लवकर, शिवाय
घातक कामाबद्दल रोज अर्धा लिटर दूध.

ते दूध तिनं कधी तोंडाला लावलं नाही.
बरणी कोटात धरून ती रोपवेनं दरी ओलांडायची
आणि दारात आम्ही तिघं, पेले घेऊन.
त्यातलं कॅल्शियम आता माझ्या कण्यात आहे.
तो मी रोज दहा तास खुर्चीत वाकवते.

चियातुरात तेव्हा मँगेनीज निघायचं.
खाणीतले पुरुष वर्षातून एकदा निळ्या बसमध्ये चढायचे,
शर्ट काढून छाती गार पत्र्याला.
श्वास घ्या. धरा. सोडा.
आमच्या घरी भांडणंसुद्धा याच तीन शब्दांत मिटायची.

सारं गाव ती पाण्यात पाहायची, शब्दशः:
टबातली निथळती फिल्म खिडकीकडे धरून.
चेहरे मात्र विसरायची.
लग्नात माझ्या कानात, "हा कोण?"
मी नाव सांगावं, मग,
"हां, उजवीकडची सातवी बरगडी. नीट जुळली नाही."

नव्वदीतल्या एका हिवाळ्यात वीज गेली
आणि रोपवेचा डबा मधोमध लटकला.
खाली क्विरिला, काळीभोर.
आत आई, मांडीवर फिल्मचा गठ्ठा,
समोर फोरमन बोंदो.
तास गेला. दीड गेला.
वेळ जाईना म्हणून त्यानं एक फिल्म उचलली,
आईनं लगेच तिचा कोपरा धरला.
त्यानं आभाळाकडे पाहिलं, तिच्यातून.
"आत बर्फ पडतोय. कुणाची?"
नाव आईच्या अंगठ्याखाली होतं.
"हात लावू नका," ती म्हणाली, "ओली आहे."

ओली नव्हती.

मी त्बिलिसीत, ग्ल्दानीत, नवव्या मजल्यावर.
जर्मनीतल्या तीन इस्पितळांची रात्र माझ्याकडे असते.
दोन मॉनिटर, जाड पडदा,
एका छातीचे ठरलेले युरो, डोक्याचे थोडे जास्त.
नाव नसतं. आकडा असतो.
पहाटे चारला कुटाइसीहून त्सिउरी कामाला बसते,
ती आधी भूल द्यायची.
बातुमीचा झुराब जहाजावरचा डॉक्टर होता,
लाटा लागू लागल्या म्हणून अंधारात आला.
आम्ही कधी भेटलो नाही,
पण कोण कुठं स्वल्पविराम देतं ते आम्हाला ठाऊक आहे.

आई हल्ली माझ्याकडेच असते.
काल तीनला पाणी प्यायला उठली
आणि माझ्या पाठीशी उभी राहिली.
मी छेदामागून छेद सरकवत होते,
दोन्ही फुप्फुसांत धूसर ठिपके, कुठं दाट, कुठं विरळ.
"कबुतरं," ती म्हणाली.
"आई, हा सीटी आहे. तुला कुठं येतो सीटी वाचायला?"
"नसेल येत. पण हा कबुतरं पाळतो.
बेकरीवाल्या मेलोरचं अस्संच होतं."

अहवालात कबुतरांसाठी चौकट नाही.
शेवटी एक ओळ घातली:
पक्ष्यांशी संपर्क आहे का, विचारून घ्यावं.
तिच्याखाली, नेहमीची:
तुलनेसाठी जुनं चित्र उपलब्ध नाही.

उत्तर येत नसतं. पाठवलं की आकडा यादीतून जातो.

ती अजून तिथंच.
"किती तासांची पाळी?"
"दहा."
"रजा?"
मी पुढची छाती उघडली.
"आणि दूध? दूध देतात ना?"

मला हसू आलं. तिला नाही.
स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज झाला,
मग बराच वेळ
कसलाच नाही.